त्रैक्यविषयक वाद, प्रारंभिक ख्रिस्ती
त्रैक्यविषयक वाद, प्रारंभिक ख्रिस्ती : परमेश्वर एकच असून पिता, पुत्र (येशू ख्रिस्त) व पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींच्या रूपाने तो नित्य अस्तित्वात आहे, या ख्रिस्ती सिद्धांतास ‘त्रैक्य’ असे म्हणतात. हा सिद्धांत आज बहुतेक ख्रिस्ती पंथांना मान्य असला, तरी त्याची शब्दरचना निश्चित होण्यास सु. तीन शतके लागली. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला हा वाद चौथ्या शतकात सर्वांत तीव्र झाला आणि नायसिया (३२५) व कॉन्स्टँटिनोपल (३८१) येथील धर्मपरिषदांनी त्याचा मुख्यतः निर्णय लावला. हे वाद म्हणजे केवळ शब्दच्छल होता, असा समज पुष्कळदा आढळतो. वस्तुतः एकेश्वरनिष्ठा न सोडता येशूची उपासना करता येते काय आणि माणसाचे तारण करणारा स्वतः परमेश्वर आहे की परमेश्वराने निर्माण केलेला कोणी, हे दोन प्रश्न त्यांच्या मुळाशी होते.

त्रैक्य आणि भारतीय परंपरेतील त्रिमूर्ती यांत नामसाम्यामुळे गल्लत होण्याचा संभव असतो. ब्रह्मा, विष्णू व महेश यांच्याकडे उत्पत्ती, स्थिती व लय ही तीन कार्ये वाटून दिलेली आहेत. त्रैक्यसिद्धांतात अशी कार्यविभागणी नाही. विश्वाविषयीच्या प्रत्येक ईश्वरी कार्यात तिन्ही व्यक्ती एकत्रच असतात. त्यांच्यातील भेद हा केवळ परस्परसंबंधांचा, म्हणजे जनक, जनित व निर्गत असा आहे, असे तो सिद्धांत सांगतो. हा सूक्ष्म भेद कसा निष्पन्न झाला, हे पुढील इतिहासावरून स्पष्ट होईल.

पार्श्वभूमी : ख्रिस्ती धर्माचा उगम यहुदी धर्मात झाला आणि परमेश्वर एकच आहे, ही यहुदी धर्माची मूलभूत श्रद्धा ख्रिस्ती लोकांनी जशीच्या तशी स्वीकारली. त्याचबरोबर अगदी आरंभापासून ते येशूला ‘प्रभू’ म्हणून संबोधीत, त्याच्या नावाने प्रार्थना करीत आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तिघांच्या नावाने बाप्तिस्मा देत. या सूत्राचा आधार मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस (२८.१९) सापडतो. तथापि ‘त्रैक्य’ ही संज्ञा नव्या करारात कोठेही येत नाही आणि तिघांचा परस्परसंबंध नेमका कसा समजावयाचा, याचे सुसूत्र विवेचनही त्यात नाही. उपासना आधी आणि तिची तात्त्विक उपपत्ती नंतर, असा येथील क्रम आहे. ग्रीक तत्त्वज्ञानात वाढलेले लोक ख्रिस्ती धर्मात येऊ लागले आणि यहुदी व ग्रीक टीकाकारांना उत्तरे देणे भाग पडले, तेव्हा अशा उपपत्तीची निकड भासू लागली.

दुसऱ्या शतकातील जस्टिन (मृ. सु. १६५) व इतर मंडनकारांनी यासाठी ‘लोगॉस’ म्हणजे ‘शब्द’ या कल्पनेचा आधार घेतला. योहानकृत शुभवर्तमानाच्या प्रारंभी आलेली ही संज्ञा ग्रीक तत्त्वज्ञांनाही परिचित होती. त्यांच्या मते ती विश्वातील विवेकतत्त्वाची वाचक होती. ज्योतीवरून दुसरी ज्योत पेटवली असता पहिली उणी होत नाही, त्याप्रमाणे पित्यापासून लोगॉस उत्पन्न होतो, असे जस्टिनचे स्पष्टीकरण होते. या स्पष्टीकरणामुळे पित्याचे परिपूर्णत्व अबाधित राहिले. परंतु पुत्र हा दुय्यम दर्जाचा देव आहे काय, ही शंका तशीच राहिली. अँटिऑकचा बिशप थिऑफिलस याने सु. १८० मध्ये ‘त्रिआस’ (त्रयी) हा ग्रीक शब्द या संदर्भात वापरला. त्याचा या संदर्भातील हा सर्वांत जुना ज्ञात वापर होय.

एकसत्तावाद : लोगॉसच्या कल्पनेमुळे दोन देव मानल्यासारखे होते, अशी भीती अनेक सामान्य श्रद्धाळूंना वाटत होती. परमेश्वराची एकमेव सत्ता अबाधित राखू पाहणाऱ्या या प्रतिक्रियेला ‘एकसत्तावाद’ असे म्हणतात. त्याचे दोन प्रकार होते. पहिल्या प्रकारानुसार येशू हा मुळात मनुष्यच होता आणि बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्यावर ईश्वरी सामर्थ्य उतरून तो ‘पुत्र’ ठरला. बायझँटियमहून रोमला आलेला थिओडोटस हा चर्मकार या मताचा एक पुरस्कर्ता होता. रोमचा बिशप व्हिक्टर याने सु. १९० मध्ये त्यास बहिष्कृत केले. पुढे अँटिऑकचा बिशप समोसाटाचा पॉल याच्यावरही अशाच मताचा आरोप आला आणि २६८ मध्ये तेथील धर्मसभेने त्यास पदच्युत केले. पॉल सभेची वास्तू सोडीना, तेव्हा हे प्रकरण ऑरीलियन या ख्रिस्तेतर रोमन सम्राटापुढे गेले आणि इटलीतील व रोमच्या बिशपांना मान्य असलेल्या पक्षाकडे वास्तू द्यावी, असा निर्णय त्याने दिला. धर्ममताच्या वादात राजसत्तेकडे दाद मागण्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

दुसऱ्या प्रकारानुसार पिता, पुत्र व पवित्र आत्मा ही एकाच परमेश्वराची, त्याने निरनिराळ्या प्रसंगी धारण केलेली तीन रूपे होत. स्मर्नाचा नोएटस आणि प्रॅक्सिअस यांनी हे मत मांडले. सेबेलियस याच्या नावावरून त्यास ‘सेबेलियनवाद’ हे नाव मिळाले. कॅलिस्टस या रोमच्या बिशपाने सु. २२० मध्ये सेबेलियसला बहिष्कृत केले. या मतावरील मुख्य आक्षेप असा की, पिता व पुत्र एकच असतील, तर क्रुसावर पित्यानेच यातना भोगल्या असे म्हणावे लागते. शिवाय येशूने पित्याची केलेली प्रार्थना निरर्थक ठरते.

टर्टलियन व ऑरिजेन : कार्थेज येथील टर्टलियन (सु. १६०–सु. २२०) याने प्रॅक्सिअसच्या खंडनार्थ लिहिलेल्या ग्रंथात (सु. २१३) पश्चिमेकडील लॅटिन ख्रिस्तसभेला तिची परिभाषा मिळवून दिली. ‘त्रिनितास’ (त्रैक्य) ही लॅटिन संज्ञा रूढ करण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते. परमेश्वराचे ‘सुबस्तान्तिया’ (द्रव्य, तत्त्व) एक असून त्यात तीन ‘पर्सोना’ (व्यक्ती) आहेत, असे त्याचे सूत्र होते. मूळ, अंकुर व फळ; झरा, नदी व पाट; सूर्य, किरण व किरणाचे टोक, असे दृष्टांत त्याने दिले. ते अभेद व भेद एकाच वेळी सुचवितात. पण उत्पत्तीच्या क्रमाबरोबर दर्जाचाही क्रम त्यांतून सूचित होतो, ही त्यांची मर्यादा होय.

पूर्वेकडे अलेक्झांड्रियाचा ऑरिजेन (सु. १८५–सु. २५४) याने दोन विचार मांडले आणि पुढील शतकातील दोन्ही पक्षांना त्यांतून आधार मिळाला. पित्यापासून पुत्राचा होणारा जन्म ही कालातील घटना नसून ती अनादि व नित्य आहे, हा पहिला विचार. जो नित्य पिता आहे, त्याला नित्य पुत्र असलाच पाहिजे, असा त्यामागील युक्तिवाद होता. पिता, पुत्र व आत्मा ही तीन स्वतंत्र ‘हिपोस्तासिस’ (अस्तित्वे) असून पुत्र हा पित्याहून व आत्मा हा पुत्राहून न्यून आहे, हा दुसरा विचार. पहिल्या विचारातून पुत्राची समानता, तर दुसऱ्यातून त्याची दुय्यमता निष्पन्न होत होती. या दोन विचारांतील ताण सु. २६० मध्ये उघड झाला. सेबेलियनवादाचे खंडन करताना अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याने पुत्राचे वेगळेपण इतके ताणले की, त्याच्या विरोधकांनी त्याच नावाच्या रोमच्या बिशपाकडे तक्रार केली. तीन हिपोस्तासिस म्हणणे म्हणजे तीन देव मानणे, असे रोमच्या बिशपाला वाटले. ‘हिपोस्तासिस’ या ग्रीक शब्दाची घटना आणि लॅटिनमधील ‘सुबस्तान्तिया’ची घटना एकच, म्हणजे ‘खाली उभे असणारे’ अशी आहे. त्यामुळे ग्रीक भाषकाला जे तीन अस्तित्वांचे विधान वाटे, ते लॅटिन भाषकाला तीन भिन्न द्रव्यांचे विधान वाटे. पुढील शतभराच्या गैरसमजांचे एक मोठे कारण हेच होते.

एरियसचे मत : एरियस (सु. २५६–३३६) हा मूळचा लिबियाचा रहिवासी व अलेक्झांड्रिया येथील एका प्रार्थनामंदिराचा धर्मगुरू होता. बिशप अलेक्झांडर याच्या शिकवणीला सु. ३१८ मध्ये त्याने आक्षेप घेतला. परमेश्वर हा एकटाच अज व अनादि आहे. पुत्राला जन्म आहे, म्हणजेच त्याला आरंभ आहे. काळ निर्माण होण्यापूर्वी का होईना, पण पुत्र नव्हता अशी अवस्था होती आणि पित्याने आपल्या इच्छेने त्यास अभावातून निर्माण केले, असे एरियसचे प्रतिपादन होते. पुत्र हा सर्व सृष्टीहून श्रेष्ठ व तिच्या निर्मितीचे साधन असला, तरी तो निर्मितच होय. जुन्या करारातील नीतिसूत्रे (८.२२) यात ज्ञानाच्या निर्मितीचा आलेला उल्लेख आणि योहानकृत शुभवर्तमानात (१४.२८) येशूने पित्याच्या श्रेष्ठत्वाची दिलेली कबुली, ही वचने एरियसच्या पक्षाची प्रमुख प्रमाणे होती.

या मताचे आकर्षण समजून घेणे आवश्यक आहे. परमेश्वर अविभाज्य व अविकारी आहे, हे गृहीत धरल्यास त्याच्या तत्त्वाचा अंश पुत्रात गेला असे म्हणता येत नाही. शिवाय भूक, दुःख, भय व मृत्यू यांचा अनुभव घेणारा येशू हा निर्विकार परमेश्वर कसा, या प्रश्नाला एरियसचे उत्तर सरळ होते. त्याने आपली मते गीतांतूनही प्रसृत केली. खलाशी, गिरणीवाले व प्रवासी यांच्यासाठी त्याने गाणी रचल्याचे फिलॉस्टॉर्जियस या पाचव्या शतकातील इतिहासकाराने नमूद केले आहे. त्याची काही पत्रे व विरोधकांनी उद्धृत केलेले उतारे एवढेच त्याचे लेखन आज उपलब्ध आहे. त्यामुळे त्याच्याविषयीची बरीचशी माहिती प्रतिपक्षाच्या लेखनातून घ्यावी लागते.

अलेक्झांडरने ईजिप्त व लिबिया येथील सु. शंभर बिशपांची सभा बोलावून एरियसला बहिष्कृत केले. तथापि त्याला पॅलेस्टाइन व आशिया मायनरमध्ये प्रभावी पाठीराखे मिळाले. त्यांत निकोमिडियाचा बिशप यूसीबियस हा प्रमुख होता.

नायसियाची परिषद : ३२४ मध्ये लिसिनियसचा पराभव करून कॉन्स्टंटीन हा संपूर्ण रोमन साम्राज्याचा एकमेव सम्राट झाला. ख्रिस्ती धर्माला त्याने आश्रय दिला होता आणि साम्राज्याच्या ऐक्याला त्या धर्माची मदत होईल, अशी त्याची अपेक्षा होती. प्रथम त्याने कॉर्डोव्हाचा बिशप ओसियस याच्यामार्फत पत्र पाठवून, क्षुल्लक प्रश्नावरून भांडू नये, असा उपदेश केला. तो निष्फळ ठरल्यावर त्याने ३२५ च्या उन्हाळ्यात नायसिया (तुर्कस्तानातील सध्याचे इझनिक) येथे बिशपांची परिषद भरविली. तिला २५० ते ३०० बिशप उपस्थित असावेत. परंपरेने सांगितला जाणारा ३१८ हा आकडा जुन्या करारातील अब्राहामाच्या सेवकांच्या संख्येवरून (उत्पत्ती १४.१४) घेतलेला दिसतो. उपस्थितांपैकी बहुतेक सर्व पूर्वेकडील होते. रोमच्या बिशपाने आपले प्रतिनिधी म्हणून दोन धर्मगुरू पाठविले होते.

केवळ पवित्र शास्त्रातील शब्द वापरून एरियसचे मत वगळता येईना. कारण प्रत्येक वचनाचा आपल्या मताशी जुळणारा अर्थ त्याचे अनुयायी लावू शकत. म्हणून परिषदेने श्रद्धासूत्रात ‘होमोऊसिओस’ हा शास्त्राबाहेरील शब्द घातला. ‘ऊसिया’ म्हणजे तत्त्व. पुत्र हा पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, असा त्याचा आशय. पुत्र जनित आहे, निर्मित नाही, असेही सूत्रात स्पष्ट केले गेले आणि एरियसची मुख्य विधाने शापयुक्त निषेधाने त्याज्य ठरविण्यात आली. लिबियातील सेकुंडस व थिओनस या दोन बिशपांनी सूत्रास संमती नाकारली. एरियससह त्यांना हद्दपार करण्यात आले. धर्ममत न स्वीकारल्याबद्दल राजसत्तेने शिक्षा देण्याची प्रथा येथून सुरू झाली आणि पुढे दोन्ही पक्षांनी आळीपाळीने तिचा वापर केला.

परिषदेच्या सूत्रात दोन उणिवा राहिल्या. पहिली अशी की, निषेधाच्या वाक्यात ‘हिपोस्तासिस’ व ‘ऊसिया’ हे शब्द समानार्थी म्हणून वापरले होते. त्यामुळे तीन हिपोस्तासिस मानणाऱ्या पूर्वेकडील अनेकांना हे सूत्र सेबेलियनवादी वाटले. त्यातच सूत्राचा एक समर्थक, अँकायराचा बिशप मार्सेलस हा पुत्राचे राज्य कालांती संपेल असे म्हणू लागला, तेव्हा हा संशय बळावला. शिवाय समोसाटाच्या पॉलचा निषेध करणाऱ्या सभेने ‘होमोऊसिओस’ हा शब्द अमान्य केला होता, असे या पक्षाचे म्हणणे होते. दुसरी उणीव म्हणजे पवित्र आत्म्यावर श्रद्धा आहे, एवढ्या त्रोटक उल्लेखापलीकडे त्याच्याविषयी सूत्रात काहीही नव्हते.

परिषदेनंतरचा संघर्ष : नायसियामुळे वाद मिटला नाही, उलट तो अधिक व्यापक झाला. निकोमिडियाच्या यूसीबियसला काही महिन्यांतच हद्दपार करण्यात आले होते. परंतु लवकरच तो परतला व दरबारी त्याचे वजन वाढले. ३३७ मध्ये मृत्युशय्येवरील कॉन्स्टंटीनला बाप्तिस्मा देणारा बिशप तोच होता. एरियस त्यापूर्वी वर्षभर, ३३६ मध्ये, कॉन्स्टँटिनोपल येथे मरण पावला.

अलेक्झांडरच्या मागून ३२८ मध्ये अथेनेशियस (सु. २९६–३७३) हा अलेक्झांड्रियाचा बिशप झाला. नायसियाच्या सूत्राचा तो सर्वांत चिवट समर्थक होता. सु. ४५ वर्षांच्या कारकीर्दीत चार सम्राटांनी त्यास पाच वेळा हद्दपार केले आणि सु. १७ वर्षे त्याने विजनवासात काढली. ट्रिअर व रोम येथे तसेच ईजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांमध्ये त्याने आश्रय घेतला. पहिल्या हद्दपारीचे (३३५) निमित्त धर्ममताचे नव्हते. कॉन्स्टँटिनोपलला जाणारी धान्याची जहाजे अडविण्याची धमकी त्याने दिली, असा आरोप होता. विरोधकांशी तो दांडगाईने वागतो, अशीही तक्रार होती आणि ती सर्वस्वी निराधार होती असे आधुनिक इतिहासकार मानत नाहीत. त्याच्या युक्तिवादाचा गाभा मात्र स्पष्ट होता. माणसाला मृत्यूच्या व नाशाच्या पकडीतून सोडवून ईश्वरी जीवनात सहभागी करून घेणे, हे तारणाचे स्वरूप आहे. जो स्वतः निर्मित आहे, तो दुसऱ्या निर्मितांना हे जीवन देऊ शकत नाही. म्हणून पुत्र निर्मित असेल, तर ख्रिस्ती लोकांचे तारण झालेलेच नाही आणि त्याची उपासना म्हणजे मूर्तिपूजाच ठरते.

कॉन्स्टंटीनचा पुत्र दुसरा कॉन्स्टँटियस (कार. ३३७–६१) याच्या अमदानीत परिषदांमागून परिषदा भरल्या. ३४३ मध्ये सार्डिका (सध्याचे सोफिया) येथे पूर्वेकडील व पश्चिमेकडील बिशप एकत्र बसण्यासही तयार झाले नाहीत. मतांचे चार गट हळूहळू स्पष्ट झाले : (१) नायसियाचे समर्थक, पुत्र ‘एकतत्त्व’ (होमोऊसिओस) आहे असे मानणारे, (२) पुत्र ‘सदृशतत्त्व’ (होमोइऊसिओस) आहे असे मानणारे, अँकायराचा बेसिल हा यांचा नेता होता, (३) ‘तत्त्व’ हा शब्दच टाळून पुत्र पित्यासारखा (होमोइओस) आहे, एवढेच म्हणणारे, (४) पुत्र पित्याशी ‘विसदृश’ (अनोमोइओस) आहे असे मानणारे, ईशियस व यूनोमियस हे त्यांचे प्रवक्ते होते. पहिल्या दोन संज्ञांत ग्रीक लिपीतील केवळ ‘इओटा’ या एका अक्षराचा फरक आहे. एका अक्षरासाठी सारे ख्रिस्ती जग भांडले, हा उपहास त्यावरूनच आला. पण ‘तेच’ आणि ‘तसेच’ यांतील अंतर अक्षराच्या आकारावरून मोजता येत नाही.

सर्वांना मान्य होईल असे संदिग्ध सूत्र कॉन्स्टँटियसला हवे होते. ३५७ मध्ये सर्मियम येथे ‘ऊसिया’पासून बनलेले सर्वच शब्द शास्त्राबाहेरील म्हणून वर्ज्य ठरविण्यात आले. ३५९ मध्ये पश्चिमेकडील बिशपांना रिमिनी येथे व पूर्वेकडील बिशपांना सिल्यूशिया येथे बोलावून, दडपण आणून तिसऱ्या गटाच्या मताला संमती घेण्यात आली आणि ३६० मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे ते अधिकृत झाले. या विजयाचा परिणाम उलटाच झाला. पुत्राचे ईश्वरत्वच धोक्यात आहे, याची जाणीव झाल्याने दुसऱ्या गटातील अनेक जण नायसियाच्या समर्थकांजवळ येऊ लागले.

संज्ञांचा उलगडा : ३६१ मध्ये सत्तेवर आलेल्या जूलियन या ख्रिस्तेतर सम्राटाने हद्दपार बिशपांना परतण्याची मुभा दिली. अथेनेशियसने ३६२ मध्ये अलेक्झांड्रिया येथे एक छोटी सभा भरविली. तीन हिपोस्तासिस म्हणणाऱ्यांना, तुम्ही तीन देव मानता काय, आणि एक हिपोस्तासिस म्हणणाऱ्यांना, तुम्ही पुत्र व आत्मा यांचे खरे अस्तित्व नाकारता काय, असे विचारण्यात आले. दोघांनीही तसे नसल्याचे सांगितले. शब्द भिन्न असूनही अभिप्राय एकच असू शकतो, हे या सभेने मान्य केले. शिक्षेच्या बळावर चाळीस वर्षांत जे साधले नव्हते, त्याचा प्रारंभ या चौकशीने झाला.

पुढील काम आशिया मायनरमधील कॅपाडोशिया प्रांताच्या तीन विचारवंतांनी केले. सीझरियाचा बिशप बेसिल (सु. ३३०–७९), त्याचा धाकटा भाऊ निसाचा ग्रेगरी (सु. ३३५–सु. ३९५) व मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी (सु. ३२९–९०) हे ते तिघे होत. आतापर्यंत समानार्थी मानल्या गेलेल्या दोन संज्ञांचे अर्थ त्यांनी वेगळे केले : ‘ऊसिया’ म्हणजे जे समान आहे ते तत्त्व आणि ‘हिपोस्तासिस’ म्हणजे ज्यामुळे प्रत्येक जण वेगळा ओळखता येतो ते व्यक्तित्व. परमेश्वराचे ऊसिया एक व हिपोस्तासिस तीन, हे सूत्र त्यातून सिद्ध झाले. पिता अजनित, पुत्र जनित व आत्मा निर्गत, एवढाच त्यांच्यातील भेद होय.

यावर असा आक्षेप आला की, तीन माणसांत मानवत्व समान असूनही आपण त्यांना तीन माणसे म्हणतो. मग येथे तीन देव का म्हणू नये? निसाच्या ग्रेगरीने यासाठी स्वतंत्र लघुग्रंथ लिहिला. तीन माणसे एकच व्यवसाय करीत असली, तरी त्यांची कामे वेगवेगळी होतात. ईश्वराच्या बाबतीत मात्र प्रत्येक क्रिया पित्यापासून निघते, पुत्राद्वारे चालते व आत्म्यात पूर्ण होते, म्हणून ती एकच क्रिया असते, असे त्याचे उत्तर होते. हे उत्तर सर्वांना पटले असे नाही. पण वादाचे स्थान त्याने अचूक दाखविले.

पवित्र आत्म्याविषयीचा वाद : पुत्राचे ईश्वरत्व मान्य करूनही पवित्र आत्म्याला सेवकस्थानी मानणारा एक पक्ष सु. ३६० नंतर पुढे आला. विरोधक त्यांना ‘आत्म्याशी झगडणारे’ असे म्हणत. मॅसिडोनियस या कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपावरून त्यांना मॅसिडोनियन असेही नाव पडले. बेसिलने उपासनेत पिता, पुत्र व आत्मा यांची एकत्र स्तुती करणारी शब्दयोजना वापरली, तेव्हा तिच्यावर टीका झाली. उत्तरादाखल त्याने सु. ३७५ मध्ये पवित्र आत्म्यावर ग्रंथ लिहिला. बाप्तिस्मा तिघांच्या नावाने होतो. ज्याच्या नावाने नवजन्म मिळतो, तो निर्मित असू शकत नाही, असा त्याचा मुख्य युक्तिवाद होता. तथापि विरोधकांना जवळ आणण्यासाठी त्याने आत्म्याला उघडपणे ‘देव’ म्हणण्याचे टाळले. नाझियान्झसच्या ग्रेगरीने ३८० मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथील व्याख्यानांत तेही स्पष्टपणे सांगितले.

कॉन्स्टँटिनोपलची परिषद : तिसऱ्या गटाचा पाठीराखा असलेला पूर्वेकडील सम्राट व्हॅलेन्झ हा ३७८ मध्ये एड्रिअनोपलच्या लढाईत मारला गेला. त्याच्या जागी आलेला थिओडोशियस हा नायसियाच्या पक्षाचा होता. ३८० मध्ये काढलेल्या आज्ञापत्राने त्याने रोमचा डॅमेसस व अलेक्झांड्रियाचा पीटर या बिशपांची श्रद्धा सर्व प्रजाजनांना बंधनकारक केली. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या परिषदेस पूर्वेकडील सु. १५० बिशप उपस्थित होते. मॅसिडोनियन पक्षाचे ३६ बिशप मतभेदामुळे निघून गेले. अध्यक्षपदी आलेल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीने बिशपांच्या आपसांतील भांडणांना कंटाळून राजीनामा दिला. नायसियाचे श्रद्धासूत्र म्हणून आज जे उपासनेत म्हटले जाते, ते वस्तुतः या परिषदेशी निगडित असलेले विस्तृत सूत्र आहे. त्यात आत्मा हा प्रभू व जीवनदाता असून पिता व पुत्र यांच्याबरोबर त्याचीही उपासना होते, असे म्हटले आहे. त्याच्याविषयी ‘एकतत्त्व’ हा शब्द मात्र वापरलेला नाही. पुत्राच्या राज्याला अंत नाही, हा शब्दप्रयोग मार्सेलसच्या मताविरुद्ध आहे.

हा वाद विद्वानांपुरता नव्हता. कॉन्स्टँटिनोपलमध्ये नाणी बदलून घेताना, पाव विकत घेताना किंवा स्नानगृहात चौकशी करतानाही पुत्राच्या जन्माविषयीची मते ऐकावी लागतात, अशी तक्रार निसाच्या ग्रेगरीने ३८३ मध्ये एका प्रवचनात केली आहे.

उत्तरकालीन परिणाम : साम्राज्याच्या सीमेबाहेर एरियसपक्षीय मत आणखी दोन शतके टिकले. गॉथ लोकांचा धर्मोपदेशक उल्फिला (सु. ३११–सु. ३८३) याने बायबलचे गॉथिक भाषेत भाषांतर केले. त्याच्या परंपरेतून गॉथ, व्हँडल इ. जमातींनी हे मत स्वीकारले. इटलीतील राव्हेन्ना येथे ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक (कार. ४९३–५२६) याच्या काळातील एरियसपंथी बाप्तिस्मागृह अद्यापि पाहावयास मिळते. स्पेनमधील व्हिसिगॉथ राजा रेकारेड याने ५८७ मध्ये कॅथलिक मत स्वीकारले.

लॅटिन परंपरेत सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने पंधरा भागांच्या ग्रंथात त्रैक्याची मीमांसा केली. स्मृती, बुद्धी व इच्छा या एकाच मनाच्या तीन शक्तींचा दृष्टांत त्याने योजिला. आत्मा हा पिता व पुत्र या दोघांपासून निघतो, हे त्याचे मत पश्चिमेकडे रूढ झाले आणि ‘पुत्रापासूनही’ या अर्थाचा शब्द कालांतराने श्रद्धासूत्रात घालण्यात आला. रोमच्या उपासनेत तो १०१४ मध्ये आला. पूर्वेकडील ख्रिस्तसभेने ही भर कधीच मान्य केली नाही. १०५४ मध्ये दोन्ही ख्रिस्तसभांत जी फूट पडली, तिच्या कारणांत हेही एक कारण होते.

धर्मसुधारणेच्या काळात हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. त्रैक्य नाकारल्याबद्दल मायकेल सर्व्हीटस यास १५५३ मध्ये जिनीव्हा येथे जिवंत जाळण्यात आले. पुढे पोलंड, ट्रान्सिल्व्हेनिया, इंग्लंड व अमेरिका येथे त्रैक्य न मानणाऱ्या ‘युनिटेरियन’ पंथाची वाढ झाली. भारतातही या वादाचे पडसाद उमटले. राजा राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूच्या नीतिवचनांचे संकलन प्रसिद्ध केले. त्यावरून श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्याशी त्यांचा जो वाद झाला, त्याचा एक प्रमुख विषय त्रैक्य हाच होता. या चर्चेच्या ओघात विल्यम ॲडम हे बॅप्टिस्ट मिशनरी स्वतःच १८२१ मध्ये युनिटेरियन झाले. महाराष्ट्रात प्रार्थनासमाजाचा या पंथाशी स्नेहसंबंध होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०१–०३ या काळात युनिटेरियनांच्या साहाय्याने ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर महाविद्यालयात धर्माचे तौलनिक अध्ययन केले. याउलट बंगालमधील ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मध्ये सत्, चित् व आनंद या वेदान्ती संज्ञांच्या आधारे त्रैक्याचे संस्कृत स्तोत्र रचले.

मूल्यमापन : जुन्या इतिहासग्रंथांत या वादाचे चित्र एका बाजूस आरंभापासून निश्चित असलेले सत्य आणि दुसऱ्या बाजूस त्यावर आलेले पाखंड, असे रंगविलेले आढळते. रोवन विल्यम्स (१९८७) व आर. पी. सी. हॅन्सन (१९८८) यांच्या ग्रंथांनंतर ही दृष्टी बदलली. ३१८ मध्ये सर्वमान्य उत्तर उपलब्धच नव्हते. एरियस हा नवे काही काढणारा नसून जुन्या परंपरेचा एक धागा टोकापर्यंत नेणारा होता. आणि ‘एरियसपंथी’ हे नाव अथेनेशियसने परस्परभिन्न अशा अनेक गटांना सरसकट चिकटविले होते, असे आता सामान्यतः मानले जाते. एका पक्षाला परमेश्वराचे एकत्व व येशूच्या यातनांचे सत्यत्व राखावयाचे होते, तर दुसऱ्याला तारणाचे सत्यत्व. मान्य झालेल्या सूत्राने पहिल्या पक्षाचे एकत्व स्वीकारले; पण येशूच्या यातनांचा प्रश्न सुटला नाही. ख्रिस्ताच्या ठायी ईश्वरत्व व मानवत्व यांचा संबंध कसा, या रूपाने तो पाचव्या शतकात पुन्हा उभा राहिला आणि कॅल्सिडन येथे ४५१ मध्ये भरलेल्या परिषदेचा तो मुख्य विषय ठरला. ३८१ चे विस्तृत श्रद्धासूत्र प्रथम नोंदले गेले, तेही त्याच परिषदेत. २०२५ मध्ये नायसियाच्या परिषदेस १,७०० वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त पोप चौदावे लिओ व कॉन्स्टँटिनोपलचे कुलगुरू बार्थोलोम्यू यांनी इझनिक येथे एकत्र प्रार्थना केली. पूर्व व पश्चिम या दोन्ही परंपरांना समान असा श्रद्धेचा आधार आजही त्या सूत्रातच आहे.